सावधान, दोन सेकंद उशिरा

लग्न वरच्या हॉलमध्ये आणि निम्मी गर्दी खाली जेवणाच्या हॉलमध्ये, हे आता नेहमीचंच झालंय. वर जागा पुरत नाही, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, आणि काहींना मुहूर्त हुकला तरी चालतो पण पहिली पंगत हुकलेली चालत नाही. अशा मंडळींसाठी सिंहगड रस्त्याकडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी खालच्या भिंतींवर चार मोठे टीव्ही लावले. शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र खाली येणार, आवाज मात्र गुरुजींच्या माइकचा, छतातल्या स्पीकरमधून. चित्र लख्ख आलं. मंगलाष्टकं संपत आली, स्पीकरमधून ‘सावधान’ ऐकू आलं, खालच्यांनी अक्षता उडवल्या, वाजंत्री सुरू झाली. टीव्हीवर अंतरपाट अजून धरलेलाच. दोनेक सेकंदांनी तो बाजूला झाला आणि टीव्हीतल्या माणसांनीही अक्षता टाकल्या. मुलांना भारी गंमत वाटली. नवरीच्या आत्याबाईंना अजिबात वाटली नाही.

मालकांनी ज्याच्याकडून यंत्र घेतलं त्याला फोन लावला. यंत्रात बिघाड नव्हता. ज्या कामासाठी ते बनवलं होतं ते काम ते चोख करत होतं. फक्त हे काम ते नव्हतं.

एका जागचं स्वच्छ चित्र पाच-पंचवीस टीव्हींवर कसं न्यायचं, हा प्रश्न कार्यालयवाल्यांचाच नाही. लॉजच्या खोल्यांना तो पडतो, इस्पितळाच्या प्रतीक्षाकक्षाला पडतो. नाट्यगृहात रंगपटात बसलेल्या नटाला रंगमंचावर काय चाललंय ते दिसायला हवं असतं. गणेशोत्सवात दर्शनाच्या रांगेतल्यांना गाभाऱ्यातली आरती दाखवायची असते. क्रिकेटच्या मोसमात बारच्या मालकाला प्रत्येक टेबलावरून एक तरी पडदा दिसावा असं वाटतं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यातलं कोणीही गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती टीव्ही?” आठ म्हटलं की आठ तोंडांचा डबा समोर येतो. मला हा प्रश्न फार तर चौथा वाटतो. चित्र येतंय कुठून, ते किती लांब आणि कोणत्या तारेतून जाणार, आणि वाटेत किती उशीर झालेला खपेल, हे आधी कळायला हवं. त्यातही तार आधी. डबा शेवटी.

हे सगळं आजचं आहे असं वाटतं, पण आपल्याकडे याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ला, रंग आले १९८२च्या एशियाडच्या वेळी. त्याच दशकात मुंबईतल्या इमारतींमध्ये कोणीतरी एक व्हीसीआर लावायचा, त्याचं चित्र मॉड्युलेटरने एका रिकाम्या चॅनलवर चढवायचा आणि जिन्याच्या कडेकडेने काळी केबल घरोघरी सोडायचा. महिन्याला ठरावीक पैसे, रात्री एक हिंदी पिक्चर. १९९१च्या आखाती युद्धाने डिश आणल्या आणि गच्चीगच्चीवरून केबलची जाळी विणली गेली. कायदा आला तो १९९५ साली, धंदा पुरता रुजल्यावर. मुंबईतल्या केबलचं सक्तीचं डिजिटायझेशन २०१२च्या ऑक्टोबरअखेर, पुणे-नागपूर-नाशिककडचं त्यानंतरच्या टप्प्यात. एवढ्या उलथापालथीत भिंतीतली तार बदलली नाही. ती गोल, जाड, मधोमध तांब्याचा एक दांडा असलेली कोअ‍ॅक्सिअल केबल लाखो भिंतींमध्ये आजही आहे, आणि नवीन काम करणारा माणूस सर्वांत आधी तीच उपटून फेकायला निघतो. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आधी एचडीएमआय, कारण आज प्रत्येक टीव्हीच्या पाठीमागे तेच भोक असतं. हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा वगैरे कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२मध्ये ते ठरवलं. त्यामागे कल्पना होती ती डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही शेजारीशेजारी असतील अशी. एकोणीस पिना, केसासारख्या बारीक तारा, आणि त्यांतून पूर्ण एचडी चित्र वाहायचं तर सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज बिट. फोर-के चित्र साठ फ्रेमने हवं असेल तर जवळजवळ अठरा अब्ज. तांब्यातून एवढ्या वेगाने जाणारी लाट काही मीटरांत दमते. साध्या केबलवर पूर्ण एचडी दहा मीटरपर्यंत निश्चिंत, चांगली असेल तर पंधरापर्यंत. फोर-केला पाच मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. आणि ही केबल हळूहळू खराब होत जात नाही. जुन्या केबल टीव्हीला मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, तरी क्रिकेट बघता यायचं. इथे आधी क्वचित पांढरे ठिपके चमकतात, मग चित्र मधूनच जातं आणि येतं, आणि आणखी दोन मीटर वाढवलेत की थेट ‘नो सिग्नल’.

त्या एकोणीस पिनांतून नुसतं चित्र जात नाही, टीव्ही मागे उत्तरही देतो. मी कोण, मला किती रेषांचं चित्र जमतं, कोणता आवाज कळतो, अशी छोटी माहितीपट्टी प्रत्येक टीव्हीत भरलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. एकच टीव्ही असेल तर हा संवाद सरळ आहे. स्प्लिटरमागे चार टीव्ही लागले की चित्र पाठवणाऱ्याने कोणाचं ऐकायचं? बरेच स्वस्त स्प्लिटर सगळ्यांत अधू टीव्हीचं ऐकतात. पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही, तसं इथे तीन नवे टीव्ही त्या एका जुन्या टीव्हीसाठी थांबून राहतात, आणि मालक म्हणतो की नवीन टीव्हीचं चित्र दुकानात होतं तसं नाही. काही स्प्लिटर नुसतं पहिल्या तोंडावरच्या टीव्हीचं ऐकतात. मग जुन्या टीव्हीवर अंधार. म्हणून स्प्लिटर घेताना तोंडं मोजण्याआधी एक बघावं: ईडीआयडी हाताने ठरवून देता येतो का? मागे बारीक बटणांची पट्टी असते, तिच्यावर ‘१०८०पी’ असं कायमचं सांगून ठेवता येतं. किमतीत थोडाच फरक पडतो आणि पुढची निम्मी भांडणं वाचतात.

दुसरा संवाद कुलपाचा. एचडीसीपी ही इंटेलने बनवलेली कुलूपपद्धत. सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे, स्ट्रीमिंगची काडी ही सगळी चित्र कुलूपबंद करून पाठवतात, आणि समोरच्याकडे परवान्याची किल्ली आहे की नाही हे फक्त सुरुवातीला नाही, चित्र चालू असतानाही दर काही क्षणांनी तपासतात. वाटेतल्या एका जुन्या डब्याला फोर-केचं नवं कुलूप, म्हणजे २.२, कळलं नाही की चित्र थांबतं किंवा खालच्या दर्जावर येतं. जुन्या कुलपाची मुख्य किल्ली २०१०मध्ये फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. तेव्हापासून ‘कुलूप काढणारे’ स्प्लिटर बाजारात फिरतात, काउंटरच्या खालून दाखवले जातात. माझा सल्ला विचाराल तर त्यांच्या नादी लागू नये. धंद्याच्या जागी तर मुळीच नाही. पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवायचं असेल तर प्रसारकाचा त्यावर हक्क असतो, आणि व्यावसायिक जोडणी घरगुती जोडणीपेक्षा वेगळी असते. लॉजवाल्यांना हे माहीत असतं, पण सोयीने विसरलं जातं.

कार्यालयाच्या मालकांचं नशीब इथे चांगलं होतं. लग्नाच्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्राला कुलूप नसतं. चित्र येतंय कुठून, हा प्रश्न आधी विचारायचा तो यासाठी. सेट-टॉप बॉक्सपुढे ज्या डझनभर उपायांना मान टाकावी लागते ते सगळे कॅमेऱ्यापुढे खुले होतात.

मग त्यांच्याकडे दोन सेकंद कुठे गेले? त्यांनी घेतलेलं यंत्र एन्कोडर-मॉड्युलेटर होतं. ते साडेचार अब्ज बिटांचं चित्र दाबून सात-आठ दशलक्ष बिटांवर आणतं, म्हणजे शेकडो पट लहान करतं, आणि त्याचं एक डिजिटल चॅनल बनवून कोअ‍ॅक्सिअल केबलवर सोडतं. टीव्हीत ते केबलच्या चॅनलसारखंच शोधून लावायचं. दाबायचं कसं, तर पुढच्या-मागच्या फ्रेम ताडून बघायच्या, बदललेला भाग तेवढा पाठवायचा. पुढची फ्रेम बघायची म्हणजे तिची वाट बघायची. त्यात टीव्हीने उलगडायचा वेळ. यंत्रागणिक हा उशीर अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंत जातो. माहितीपत्रकावर तो आकडा ठळक छापलेला नसतो. विचारावा लागतो, आणि दुकानदाराने “काही नाही, लगेच येतं” म्हटलं तर कॅमेऱ्यासमोर मोबाइलवरचं स्टॉपवॉच धरून मोबाइल आणि टीव्ही या दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढावा. दोन आकड्यांची वजाबाकी खोटं बोलत नाही.

अशा वेळी मालकांच्या पुतण्याने मॅट्रिक्स सुचवला. चार चित्रं आत, आठ बाहेर, कुठल्याही टीव्हीवर कुठलंही चित्र, मोबाइलवरून बदलता येणारं. दिसायला देखणा प्रकार. पण लग्नात चित्र एकच असतं. सात-आठ टीव्हींवर वेगवेगळे सामने लावणाऱ्या बारला मॅट्रिक्स शोभतो. बाकी बहुतेक ठिकाणी तो बसवल्या दिवशी चारजणांना दाखवला जातो आणि मग वर्षभर एकाच बटणावर असतो.

मार्ग काढला तो वायरमनने, आणि तोही दुकानात नाही, गच्चीवर. त्याने इमारतीतले पाइप कुठून कुठे जातात ते बघितलं. स्टेजपासून खालच्या हॉलच्या भिंतीपर्यंत पाइपातून जेमतेम पंचेचाळीस मीटर. तिथून चारही टीव्ही दहा मीटरच्या आत. त्याचं म्हणणं होतं, लांबचा पल्ला एकदाच मारायचा आणि फाटे शेवटी फोडायचे. सगळे मात्र उलटं करतात: स्टेजजवळ स्प्लिटर ठेवून तिथूनच चार लांब केबल ओढतात आणि चौपट डोकेदुखी घेतात.

लांबच्या पल्ल्याला त्यांनी एचडीबेस-टी घेतलं. एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स ही इस्रायली चिप कंपनी यांनी २०१०मध्ये एकत्र येऊन पुढे आणलेली ही पद्धत. एका टोकाला पाठवणारा डबा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मध्ये संगणकाच्या नेटवर्कची साधी कॅट-सिक्स केबल. पूर्ण एचडी शंभर मीटरपर्यंत जातं, सोबत रिमोटचे इशारे आणि बऱ्याच जोड्यांत पलीकडच्या डब्याची वीजही. चित्र दाबलं जात नाही, म्हणून उशीर माणसाच्या डोळ्याला कळेल इतका नसतोच. घेणाऱ्या डब्यापुढे एकास चार स्प्लिटर, ईडीआयडी १०८०पीवर बांधलेला. काम झालं.

पण कॅट-सिक्सची केबल घेताना त्याने घासाघीस करू दिली नाही. बाजारात ३०५ मीटरच्या खोक्यात दोन प्रकारचा माल येतो: आत निखळ तांबं, किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. दुसरा निम्म्या भावात मिळतो आणि इंटरनेटला कसाबसा चालतोही. या कामात तो दगा देतो. वीज वाहायची असेल तर गरमही होतो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ब्लेडने तार खरवडायची, आत पांढरं दिसलं की खोकं परत. शिवाय मध्ये कुठेही जोड नाही, जास्तीची केबल घट्ट गुंडाळून छतात कोंबायची नाही, विजेच्या पाइपात घालायची नाही. आणि दोन्ही टोकांना चिठ्ठी: ‘हे इंटरनेट नाही’. जॅक तोच असल्यामुळे पुढे कधीतरी वायफायवाला येतो, रिकामी दिसलेली पिन नेटवर्क स्विचमध्ये खोचतो आणि दोन्हीकडची यंत्रं धोक्यात घालतो.

आता ती जुनी काळी केबल. वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्यांमध्ये केबल टीव्हीच्या जमान्यात घातलेली आरजी-सिक्स तशीच होती. पुतण्याचं मत ती काढून टाकायचं. वायरमनने दोन कनेक्टर बदलले आणि ते दोन सेकंद खाणारं यंत्र याच केबलला लावलं. खोलीत बसलेल्या आजोबांना चित्र दोन सेकंद उशिरा आलं तर काय बिघडतं? आवाजही टीव्हीतूनच येतो, म्हणजे दोन्ही बरोबरच उशिरा. ओठ आणि शब्द जुळलेले. वाईट गाठ पडते ती आवाज एका वाटेने आणि चित्र दुसऱ्या वाटेने आल्यावरच.

मला या केबलचं कौतुक आहे, आणि ते जुन्याच्या मोहापोटी नाही. हिशोब बघा. एचडीबेस-टी किंवा तसल्या पद्धतींत प्रत्येक लांबच्या टीव्हीमागे एक डबा वाढतो. मॉड्युलेटरचा खर्च टीव्हींवर नाही, चॅनलांवर ठरतो: चाळीस खोल्या असोत की चारशे, एक चित्र म्हणजे एकच यंत्र. पूर्वीच्या अ‍ॅनालॉग चॅनलला आठ मेगाहर्ट्झची जागा लागायची. डिजिटल केबलच्या पद्धतीने त्याच जागेत सेकंदाला सुमारे ३८ दशलक्ष बिट बसतात, म्हणजे चार एचडी चॅनलं सहज. वाटेत सिग्नल उतरतो तोही आधी मांडता येतो. आठ फाट्यांचा स्प्लिटर साधारण अकरा डेसिबल खातो, आरजी-सिक्स वरच्या चॅनलांवर शंभर मीटरला अठरा-वीस. म्हणजे चाळीस मीटर केबल आणि एक आठ-फाटी मिळून वीसच्या आत. मॉड्युलेटर सहसा नव्वदच्या आसपास सोडतो, टीव्हीला पन्नास-साठ पुरतात. बूस्टरची गरजच नाही. तरी लोक सवयीने बूस्टर ठोकतात आणि मग सिग्नल जास्त झाल्यामुळे चित्र फुटतं, हे कोणाच्या लवकर लक्षात येत नाही.

दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. सगळ्या टीव्हींत डिजिटल ट्यूनर असतोच असं नाही, आणि असला तर तो केबलचा डीव्हीबी-सी आहे की अँटेनाचा डीव्हीबी-टी, हे मॉडेलच्या माहितीत वाचावं. मॉड्युलेटरही त्याच जातीचा लागतो. कोकणात आणि गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये आणखी एक: जोडाजोडातलं तांबं खारट हवेने हिरवं पडलेलं असतं. केबल निर्दोष आणि कनेक्टर मेलेला, अशी अवस्था. बदलायला काही रुपये लागतात. तेवढ्यासाठी पूर्ण वायरिंग उखडलेलं मी पाहिलं आहे.

तिसरी वाट संगणकाच्या नेटवर्कची. नवी हॉटेलं आता तिथेच जातात, आणि ज्या इमारतीत खोलीखोलीत कॅट-सिक्स आधीच गेली आहे तिथे ते योग्यही आहे. एन्कोडर चित्र दाबून नेटवर्कवर ‘मल्टिकास्ट’ सोडतो: वीस टीव्ही बघत असले तरी मूळ प्रवाह आठ दशलक्ष बिटांचा एकच. फक्त मधला स्विच शहाणा हवा. कोणाला हवंय आणि कोणाला नको, हे ओळखण्याची सोय नसलेला स्वस्त स्विच तो प्रवाह प्रत्येक तारेवर ओततो. मग टीव्ही चालतात पण सीसीटीव्ही अडखळतो, बिलिंगचा संगणक झोपतो, आणि दोष टीव्हीवाल्यावर येतो. वायफायवर हे करू नये. उशीर इथेही आहे, कारण दाबणं आलंच. चित्र जवळजवळ न दाबता नेटवर्कवरून नेणारी यंत्रंही निघाली आहेत, पण त्यांतली उंची जात दहा गिगाबिटचं नेटवर्क मागते. तो खर्च स्टुडिओने करावा, कार्यालयाने नाही.

शेजारच्या इमारतीत चित्र न्यायचं असेल, म्हणजे हॉल इकडे आणि लॉनवरचा मांडव तिकडे, तर तांब्याचा विचारच सोडावा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, वळवाच्या पावसात वीज कडाडली की तो फरक तारेतून वाट काढतो आणि एचडीएमआयचं तोंड जळतं. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. आत तांब्याची तार अजिबात नसलेल्या तयार ऑप्टिकल एचडीएमआय केबल तीस, पन्नास मीटरच्या मिळतात. मात्र त्यांना दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, आणि पाइपातून उलटी ओढलेली केबल कितीही महाग असली तरी चित्र देत नाही.

लाइट जाणं ही आपल्याकडची खास चाचणी. जनरेटर लागेपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत सगळी यंत्रं बंद पडतात आणि मग एकाच वेळी जागी होतात. टीव्ही आधी जागा झाला आणि स्प्लिटर नंतर, तर ओळखपाळख चुकते. चारपैकी एक टीव्ही निळा पडून राहतो. पाठवणारा डबा, घेणारा डबा आणि स्प्लिटर एका छोट्या यूपीएसवर ठेवले की प्रश्न मिटतो. टीव्हीला यूपीएस नको, त्याने मेली दहा सेकंद विश्रांती घ्यावी. कार्यालयात आता सीझन सुरू होण्याआधी मेन स्विच मुद्दाम पाडून हे एकदा तपासलं जातं.

हे वाचून घरच्या बेडरूममधला आणि स्वयंपाकघरातला टीव्ही एकाच सेट-टॉप बॉक्सला जोडायचा बेत कोणी आखत असेल, तर त्याला मी परावृत्त करेन. तार ओढता येईल, स्प्लिटर लागेल, रिमोटचे इशारे परत आणणारा डोळाही बसवता येईल. पण बॉक्स एकावेळी एकच चॅनल देतो. बाहेर सामना लागला की स्वयंपाकघरातली मालिका गेली, आणि आतून कोणी मालिका लावली की शेवटच्या षटकात बाहेरचा सामना गेला. त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स घ्यावा आणि वायरमनला दुसऱ्या कामाला बोलवावं.